पाटल्यांची मोटार

गेल्या दिवाळीत या सदरात आमच्या पायपेटीचे पुराण लावले होते. ते वाचून एका वाचकभगिनीने कळवले, "पुढच्या वर्षी एखादी चालणारी वस्तू घ्या!" आज्ञेप्रमाणे यंदा मोटार घेतली आहे. ती चालते की नाही हे मात्र शेवटी कळेल.

मोटार म्हणजे 1966 ची स्टँडर्ड हेरल्ड. भाच्याच्या मते ती साधी मोटार नव्हेच, स्पोर्ट्स कारची थोरली बहीण! यात तथ्य आहे. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फवाल्यांनी 1959 साली हेरल्ड काढली. तिचा घाट मिकेलोत्ती या इटालियन गृहस्थाचा. तिचीच चासी आखूड करून 1962 साली स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी, नखरेल गाडी निघाली. धाकटीवर जग भाळले. थोरली 1961 पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि अँबॅसडर नि फियाट यांच्या मागे तिसरी उभी राहिली.

आमची तर घरातही लाडकी नव्हती. बाबांनी ती आईच्या पाटल्या मोडून घेतली. विचारून नव्हे, मोडून आल्यावर सांगितले. आई काही बोलली नाही, पण त्या गाडीत कधी बसलीही नाही. सुट्टीत आम्ही पुण्याहून किकवीला गाडीने निघायचो आणि आई एस.टी.ने. कात्रजचा घाट उतरला की मी मागच्या काचेतून तिची एस.टी. शोधत बसे. बाबा समोर बघत गाडी हाकायचे. 1989 साली ते गेले आणि गाडी किकवीच्या गोठ्यात गेली. टपावर कोंबड्या, आत कडबा.

निवृत्त माणसाच्या डोक्यात काय येईल याचा नेम नसतो. सातारा रस्त्यावरच्या एका मिस्त्र्याला गोठ्यात नेऊन उभे केले. त्याचा जन्म ट्रक-टेंपोंत गेलेला. हेरल्डचे बॉनेट मडगार्डांसकट सुसरीच्या जबड्यासारखे पुढे उघडते, ते पाहून तो हरखलाच. सगळे इंजिन उघडे. चाकावर बसून काम करावे! अंगही बोल्टांनी जोडलेल्या तुकड्यांचे. त्यामागे इतिहास आहे. पत्र्याचे साचे करणारा फिशर अँड लडलो हा कारखाना 1953 साली प्रतिस्पर्धी बी.एम.सी.ने विकत घेतला, तेव्हा आख्खे अंग एका जागी करून घेणे अवघड झाले. मग ट्रायम्फवाल्यांनी तुकडे ठिकठिकाणी करवून चासीवर बसवले. त्यांची अडचण साठ वर्षांनी आमच्या पथ्यावर पडली. कुजलेला तुकडा तेवढा काढायचा.

खरी गोम पुढच्या चाकांपाशी निघाली. तिथे उभ्या दांड्याचे खालचे टोक आट्यांनी पितळेसारख्या धातूच्या एका ठोकळ्यात फिरते. पुस्तक सांगते, इथे गिअरचे घट्ट तेल घाला. ग्रीस घातले की ते वाळून बसते, आट्यांपर्यंत वंगण पोचत नाही, पाणी शिरते, आणि दांडा आतून गंजत जातो. वरून काही दिसत नाही. बाबा दर महिन्याला, न चुकता, स्वतःच्या हाताने ग्रीस भरत. त्यांची ग्रीसगन अजून डिकीत होती.

मिस्त्र्याने दांडा माझ्या हातात दिला. अर्धा खाल्लेला. "काका, वडलांनी लई माया केली हिच्यावर," तो म्हणाला, "पर हिला तेल लागत होतं."

मी दांडा बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

यानंतर भाच्याचे नि माझे भांडण झाले. त्याला मारुतीचे इंजिन घालायचे होते. मी म्हटले, 948 सी.सी.चे जुनेच राहील. तह असा झाला, की जीव वाचवणारी सुधारणा करायची, जीव बदलणारी नाही. पुढे डिस्क ब्रेक आले, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. जोरात वळताना या गाडीची मागची चाके पोटाखाली दुमडू पाहतात; त्यावर 1970 च्या स्पिटफायरला जी मधोमध डोलणारी स्प्रिंग दिली होती, तीही बसवली. सुटे भाग विलायतेत आजही मिळतात, फक्त पार्सलच्या बिलाकडे डोळे मिटून पाहावे. सौ.ने डोळे मिटले नाहीत. "एवढ्यात सासूबाईंच्या पाटल्या दोनदा झाल्या असत्या," ती म्हणाली. ते वाक्य मला आठवडाभर जेवू देईना.

कागदपत्रांतही एक मौज. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. रोज फिरवायची नाही. म्हणजे आईला प्रदर्शनात मांडता येईल, बाणेश्वराला नेता येणार नाही! आम्ही आपली साधी नोंदणी नवी करून घेतली.

दसऱ्याला गाडी किकवीत दारापुढे आणली. आई अठ्ठ्याऐंशीची. काठी टेकत तिने एक फेरी मारली, चकाकणाऱ्या पत्र्यात स्वतःला पाहिले. मी तिला मागे बसवायला दार उघडले.

"मागे नको," आई म्हणाली. "मागे एस.टी.त पुष्कळ बसले."

तिला पुढे बसवले. कापूरव्होळ गेले. नसरापूरच्या फाट्याअलीकडे आमच्यापुढे एक एस.टी. चालली होती. तिच्या मागच्या खिडकीत एक लहान पोर आमच्याकडे बघत होते. आईने हात हलवला. मग माझ्या मनगटावर काठीची मूठ टेकवली.

"काय रे, हिच्या मागेच राहणार आहेस का? काढ की पुढे."

काढली. चढ नव्हता म्हणून बरे.