भिडू, भुवया सांभाळ!

गणपतीला गावी जाणाऱ्या कुठल्याही चाकरमान्याला विचारा, आरत्या-भजनं आटोपल्यावर जागरण कशावर निघतं? पत्त्यांवर, आणखी कशावर! मालवण असो, वेंगुर्ला असो की देवगड, पडवीत चटई पडते, पानं पिसली जातात आणि मेंढीकोट सुरू. समोरासमोर बसलेले भिडू, चार दश्श्यांची पकडापकडी, आणि खुणा! काकांनी कान खाजवला की बदाम, मामा खाकरले की हुकूम त्यांच्याकडे. समोरची पार्टी बोंबलते, दोन मिनिटं कल्ला होतो, मग चहा येतो. खुणा करणं आणि पकडणं, यातच तर अर्धी गंमत.

आता हाच पडवी-रिटर्न्ड खेळाडू मुंबई-पुण्यातल्या क्लबात ब्रिजच्या टेबलावर बसतो. बावन्न पानं, चार माणसं, समोर भिडू. त्याला वाटतं, बॉस, हे तर आपल्या घरचंच! आणि तिथेच घोळ होतो. कारण मेंढीकोटात जी हुशारी, तीच ब्रिजमध्ये चक्क चोरी.

ब्रिजमध्ये भिडूशी बोलायच्या भाषा दोनच. एक तुमची बोली, दुसरी तुम्ही टाकलेलं पान. बाकी सगळं बंद. उसासा, भुवई, ‘पास’ म्हणतानाचा कंटाळलेला सूर, पान टेबलावर आपटणं, काही म्हणजे काही चालत नाही. 2017 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत वागणुकीवर स्वतंत्र कलमच आहे, 74 वं. आपली पाळी यायच्या आधी हातातलं पान अर्धवट उपसून ठेवू नका, कोणाच्या चेहऱ्याकडे किंवा हाताकडे टक लावून बघू नका, उगाच वेळ काढून समोरच्याला हैराण करू नका, हे सगळं तिथे आहे. आपल्याकडे असल्या गोष्टी आजी सांगते, इथे नियमावली सांगते, एवढाच फरक.

गंमत म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातच एक खेळ असा आहे, ज्यात ही भानगडच नाही. सावंतवाडीची गंजिफा. राजवाड्यात आजही हाताने रंगवली जातात ती गोल पानं. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे 120 पानं. खेळणारे तिघे, प्रत्येकाला 40, आणि जो तो स्वतःसाठी. भिडूच नाही म्हटल्यावर खूण करणार कोणाला? थोडक्यात, सगळा गोंधळ भिडूपासून सुरू होतो. (लग्न झालेल्यांनी यावर फार मान डोलावू नये.)

नवख्यांची खरी दांडी उडते ती विचार करण्यावरून. समजा, समोरच्याने चार इस्पिक बोलली. तुम्ही पानांकडे बघताय, छताकडे बघताय, परत पानांकडे, आणि अर्ध्या मिनिटाने म्हणता, पास. विचार करणं गुन्हा नाही, बरं का. पण तुमच्याकडे काहीतरी दमदार आहे हे आता अख्ख्या टेबलाला कळलंय, आणि भिडूलाही. आणि भिडूने ती माहिती वापरायची नाही! त्याच्यापुढे दोन वाजवी पर्याय असतील आणि तुमचं रेंगाळणं त्यातल्या एकाकडे बोट दाखवत असेल, तर त्याला तो सोडावा लागतो, भले मनात तोच असला तरी. नाही सोडला तर समोरचे डायरेक्टरला बोलावतात आणि स्कोअर बदलू शकतो. म्हणजे रेंगाळता तुम्ही, अडकतो तो. माझ्या मते सगळ्या खेळांत मिळून इतकी अवघड सभ्यता दुसरी नाही. कोणाला न दिसणारा मोह टाळायचा आणि वर त्याबद्दल टाळ्याही नाहीत. म्हणून मुरलेले खेळाडू सोपी बोलीसुद्धा अवघड बोलीच्याच चालीत बोलतात. लांबून ते स्लो वाटतात. ते स्लो नसतात, ते भिडूला वाचवत असतात.

तसंच त्या ‘थँक यू, पार्टनर’चं. डमीची पानं उघडली की खेळणारा हे म्हणतो. पानं झकास असोत की भिकार, शब्द तेच आणि सूरही तोच. फक्त चांगल्या पानांनाच थँक यू म्हटलंत तर वाईट पानांच्या वेळची शांतता समोरच्यांना सगळं सांगून टाकेल ना!

आणि डाव बुडाल्यावर? टेबलावर पोस्टमॉर्टेम नको, विशेषतः भिडू घरचा असेल तर. 1929 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत बेनेट नवरा-बायको शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होते. नवऱ्याचा चार इस्पिकचा डाव बुडाला, बायकोने टोमणे मारले, त्याने थप्पड मारली आणि तिने पिस्तूल आणून त्याला गोळी घातली. 1931 मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं! आपल्याकडे फार तर अबोला होतो, पण दर आठवड्याला अबोला म्हणजे पार्टनरशिपचे बाराच. याउलट 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताला ब्रिजचं सुवर्ण मिळवून देणारे प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार तेव्हा 60 आणि 56 वर्षांचे होते. इतकी वर्षं एका टेबलावर टिकायचं तर भिडूचं थोडं पोटात घालावंच लागत असणार.

राहता राहिला डायरेक्टर. आपल्याकडे कोणी ‘डायरेक्टर!’ म्हणून हाक मारली की पोलीस बोलावल्यासारखे चेहरे पडतात. अहो, ती तक्रार नसते. हात वर करा, ‘डायरेक्टर, प्लीज’ म्हणा, झालं ते सरळ सांगा. तो निर्णय देईल, तुम्ही पुढचा बोर्ड घ्या. मोबाईल बंद. टेबल बदललं की नव्या जोडीला हसून हॅलो. आणि सेशन संपल्यावर कॅन्टीनमध्ये चहा आला, की तो चार इस्पिकचा डाव काढून मनसोक्त भांडा. तिथे भुवयांवर कसलंही कलम लागत नाही.