ज्याचा पैका, त्याला पोथी

सन १८८२ मध्ये जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सरकारास बजावले की, साऱ्याचा पैका घाम गाळणाऱ्या रयतेचा. उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना! केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेविषयी आम्हांस तोच सवाल पडतो.

२०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. त्यांत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपर नियतकालिके ६,३०० वर सरकारी संस्थांना सामाईक वाचावयास मिळतात. वाचणारे सुमारे १.८ कोटी, म्हणजे माणशी वर्षाला अकराशे रुपये. एकट्या कॉलेजास जे परवडत नाही, ते वाट्याने परवडते. पुण्यामुंबईचा विद्यार्थी वाचतो तेच आडजिल्ह्यातील गरिबाचा मुलगाही वाचू शकतो. हा लाभ आम्ही नाकारीत नाही.

परंतु खर्चाची बाजूही पाहा. माणचा मेंढपाळ साबण-कापडावर कर भरतो. त्याच्या कळपावरील रोगाचे संशोधन मात्र इंग्रजीत, आणि तेही कॉलेजाच्या दाराआड.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे : योजना चालवावी, पण दहिवडी-म्हसवडसारख्या गावच्या सार्वजनिक वाचनालयांतही हे दार उघडावे व शेती-पशुवैद्यकाचे सार मराठीत द्यावे. तोवर हिशेब अपुराच!