एकाच धातूचे दोन न्याय

भाषा ही साऱ्या समाजाची समाईक ठेव आहे, असे आपण मानतो. परंतु कोणत्या कृत्याला कोणते नाव द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार सत्ताधाऱ्यांनी सहसा आपल्याच हाती ठेवला आहे. 'प्राएदा' हा लॅटिन शब्द त्याचा साक्षीदार आहे.

'प्राएदा' म्हणजे पकडून आणलेले. रणातील लूट आणि रानातील सावज, दोहोंना रोमनांचा हा एकच शब्द! साम्राज्य लयास गेले, शब्द उरला. इटालियनमध्ये 'प्रेदा', रुमानियनमध्ये 'प्रादा', फ्रेंचमध्ये 'प्र्वा', इंग्रजीत 'प्रे'. वेल्श भाषेत तर त्याचाच 'प्राइद' झाला आणि त्याचा आजचा अर्थ आहे मेंढरांचा कळप. हाकून आणलेली लूट दावणीला मुरली की तिची मालमत्ता होते, ती अशी!

इंग्रजांनी या शब्दकुळाचा केलेला उपयोग महाराष्ट्राने विसरू नये. 1817-18 च्या युद्धात त्यांनी पेंढाऱ्यांना 'प्रेडेटरी', म्हणजे लुटारू, ठरविले. पेंढारी काही रयतेचे कैवारी नव्हते. त्यांनी गावेच्या गावे उजाड केली. पण त्याच युद्धात पेशव्यांची जी संपत्ती इंग्रजांच्या हाती पडली, तिला कागदोपत्री नाव मिळाले 'डेक्कन प्राइझ'. तिच्या वाटणीसाठी इंग्रज सेनानींचे तंटे वर्षानुवर्षे चालले. तिच्यातील 'नासक' हिरा 1837 मध्ये लंडनला लिलावात विकला गेला. हा 'प्राइझ' आणि तो 'प्रेडेटरी', दोन्ही शब्द 'पकडणे' या एकाच लॅटिन धातूचे! घोडेस्वाराने पकडले तर दरोडा, पलटणीने पकडले तर कायदेशीर हक्क. आणि 'लूट' हा आपला रोकडा शब्दही त्यांनी अठराव्या शतकातच उचलून इंग्रजीत नेला होता.

इंग्रज गेले, पण ही रीत गेली नाही. शासनाने शेतकऱ्याची जमीन घेतली की ते 'संपादन'. भूमिहीनाने पडीक गायरानावर नांगर धरला की ते 'अतिक्रमण'. जमीन दोघांनीही घेतली. एकाची नोंद राजपत्रात होते, दुसऱ्याची पोलीस ठाण्यात.

म्हणून कार्यकर्त्याने सरकारी कागद वाचताना प्रत्येक सभ्य शब्दाला दोन प्रश्न विचारले पाहिजेत: कोणी घेतले, आणि कोणाचे घेतले? या प्रश्नांचे उत्तर मिळेपर्यंत त्या कागदावर गरिबाचा अंगठा उमटू देता कामा नये.