खालच्या वर्गाची भीती

राजापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जैतापूरच्या खाडीच्या मुखाजवळ नाटे हे गाव आहे. यशवंतगड, साखरी नाट्याची मच्छीमार वस्ती आणि जवळचे मुसाकाजी बंदर ही त्याची ओळख. मुंबई-पणजी मार्गावर आगबोटी चालत होत्या तोवर या मुलखातल्या चाकरमान्याचा मुंबईशी असलेला संबंध मुसाकाजीवरूनच जडत असे. कोकणच्या बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. त्या पडावात वर्ग नव्हते. शाळामास्तर, गिरणीकामगार, बाळंतपणाला माहेरी आलेली लेकुरवाळी आणि आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेला बागायतदार हे सारे एकाच फळीवर दाटीवाटीने बसत आणि एकाच लाटेने भिजत. वर्गाचा प्रश्न उपस्थित होई तो बोटीच्या शिडीपाशी.

शिडी चढल्यावर बहुतेकांची वाट डेककडे वळे. ट्रंक आणि वळकटी टाकून जागा धरायची, यंत्राची धग आणि तेलाचा वास सोसायचा, आणि शेजाऱ्याला बोट लागली तर त्याचे परिणामही सोसायचे, असा तो प्रवास होता. थोडे लोक वरच्या वर्गाचे तिकीट काढीत. त्यांना जास्त पैशांत नेमके काय मिळत होते? भाऊच्या धक्क्याला बोट लागे ती साऱ्यांसाठी एकाच वेळी. समुद्र खवळला तर तो केबिनवाल्याला वेगळा खवळत नसे. वरच्या वर्गाच्या उतारूने खरेदी केलेली मुख्य वस्तू एकच होती, ती म्हणजे डेकवर नसणे.

विमानातील महागडा वर्ग प्रवासी का निवडतात, या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोकणच्या या जुन्या अनुभवापासून सुरुवात केली तर वाट चुकण्याचा संभव कमी. एरवी या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एक, श्रीमंतांचा डामडौल. दुसरे, ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने तो खर्च करावा, इतरांनी नाक का मुरडावे? दोन्ही उत्तरे झटपट आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

डामडौलाचा भाग नाहीच असे नाही. पण पंधरा तासांहून अधिक काळ चालणाऱ्या मुंबई-न्यूयॉर्कसारख्या उड्डाणात ज्याला आडवे होऊन झोपता येते आणि ज्याला येत नाही, त्या दोघांच्या दुसऱ्या दिवसात जो फरक पडतो तो काही दिखाऊ नसतो. गुडघे दुखणारे वडील, कंबरेची शस्त्रक्रिया झालेली आई, सहाफुटी माणूस, उतरताच कामाला लागणारा शल्यचिकित्सक यांना पाठ टेकण्यापुरती जागा ही चैन वाटत नाही. परदेशी स्थायिक झालेला मुलगा आईला आग्रहाने वरच्या वर्गाचे तिकीट पाठवतो, त्यात तिच्या पाठीची काळजी असते आणि तीन वर्षांत घरी न आल्याची टोचणीही असते. आई मात्र त्या रकमेत गावच्या घराची किती कौले बदलून झाली असती याचा हिशेब करीतच अमेरिकेला पोचते.

आणखी एक मोठा गट असा की जो वर्ग निवडतच नाही. त्याच्यासाठी तो निवडला जातो. पुढच्या आसनांवरील अनेकांचे तिकीट त्यांच्या कचेरीने काढलेले असते. सरकारी नोकरवर्गाला हे सांगण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या प्रवासभत्त्याच्या नियमांनुसार वेतनस्तर १४ आणि त्यावरील अधिकाऱ्याला विमानाचा बिझनेस वर्ग अनुज्ञेय आहे. त्याच्या खालचे विमानपात्र अधिकारी इकॉनॉमीने जातात आणि पाचव्या स्तरावरील कारकुनाला रेल्वे पुरेशी मानली जाते. पाठीचा कणा सर्व वेतनस्तरांत सारखाच असतो ही गोष्ट वित्त खात्याच्या लक्षात आलेली नसावी. येथे आसन हे पदाचे प्रमाणपत्र ठरते, आणि प्रमाणपत्र सोडायला कोणी राजी नसते. २००९ मध्ये काटकसरीचा उपाय म्हणून केंद्रीय मंत्र्यांना इकॉनॉमी वर्गाने प्रवास करण्यास सांगण्यात आले तेव्हा जी कुरबूर झाली आणि शशी थरूर यांच्या ‘गुरांचा वर्ग’ या शब्दप्रयोगाने जो गदारोळ उडाला, तो या दृष्टीने बोलका आहे. थरूर यांच्यावर सर्वांनी टीका केली. परंतु तो वर्ग गुरांच्या योग्यतेचा झाला असेल तर तो तसा कोणी केला, हे फारसे कोणी विचारले नाही.

विचारायचा प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये रेल्वेच्या भाड्यांचा विचार करताना एक मर्मभेदक निरीक्षण नोंदवले. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे, बाके नुसत्या लाकडाची असत. छप्पर घालायला रेल्वे कंपनीला असा कितीसा खर्च आला असता? द्युपुईचे म्हणणे असे की प्रश्न खर्चाचा नव्हताच. तिसऱ्या वर्गाला छप्पर मिळाले असते तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारे लोकही तिसऱ्यात बसले असते. कंपनीला गरिबाशी वैर नव्हते. तिला ऐपतदाराला घाबरवायचे होते. गरीब भिजत होता तो दुसऱ्या कोणाला तरी धाक बसावा म्हणून.

हे सूत्र हाती धरून विमानात शिरले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. अटलांटिकवरच्या विमानांत १९५२ मध्ये टूरिस्ट वर्ग आणि १९५८ मध्ये इकॉनॉमी वर्ग आला, तो मध्यमवर्गाला आकाश खुले व्हावे म्हणून. नंतर सवलतीच्या तिकिटांचा सुकाळ झाला. पूर्ण भाडे भरणारे आणि निम्मे भरणारे शेजारी शेजारी बसू लागले, आणि पूर्ण भाडे भरणाऱ्यांची तक्रार सुरू झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिझनेस वर्ग जन्माला आला तो या तक्रारीतून. म्हणजे या वर्गाच्या पत्रिकेतच ‘त्यांच्यात नको’ हा योग आहे.

पुढचा इतिहास छप्पर काढून घेण्याचा आहे. १९७० च्या दशकात इकॉनॉमीत दोन ओळींमधील अंतर साधारण ३४-३५ इंच असे. आज अनेक विमानांत ते ३०-३१ इंचांवर आले आहे, काही ठिकाणी त्याहूनही खाली. बोइंग ७७७ हे विमान आले तेव्हा त्याच्या इकॉनॉमीत एका ओळीत नऊ आसने ही नेहमीची मांडणी होती. पुढे अनेक कंपन्यांनी त्याच रुंदीत दहा बसवली. २०१२ मध्ये अमेरिकेतील डेल्टा कंपनीने ‘बेसिक इकॉनॉमी’ नावाचे तिकीट काढले. आसन आगाऊ निवडण्यासारख्या ज्या गोष्टी पूर्वी तिकिटातच मिळत, त्या त्यातून वजा करण्यात आल्या होत्या. आपल्याकडेही पती-पत्नीने शेजारी बसायचे तर आगाऊ आसननिवडीचे वेगळे पैसे मोजण्याची पद्धत रुळली आहे. खालच्या पायरीवर असा एकेक खिळा ठोकला जातो, तसतसा वरच्या पायरीचा भाव वाढतो. ज्याला बिझनेस परवडत नाही त्याच्यासाठी मग मधल्या ‘प्रीमियम इकॉनॉमी’ची पायरी बांधली जाते. तिच्यात जी पाच-सहा इंच जागा जादा पैसे घेऊन मिळते, तिच्यातली बरीचशी साध्या तिकिटात पूर्वी होतीच.

यावर विमान कंपन्यांचे एक उत्तर असते आणि ते सर्वस्वी खोटे नाही. पुढची आसने महाग विकली जातात म्हणून मागची स्वस्त देता येतात, असे त्या सांगतात. एअर इंडियाच्या बोइंग ७७७-३०० ईआर विमानांत दीर्घकाळ जी मांडणी होती, तीत एकूण ३४२ आसनांपैकी पहिल्या वर्गाची ४, बिझनेसची ३५ आणि इकॉनॉमीची ३०३ होती. त्या ३९ आसनांचे उत्पन्न त्यांच्या संख्येच्या मानाने खूपच मोठे असते हे मान्य केले पाहिजे. पण स्वस्ताई त्यावाचून अशक्य असते असे मात्र नाही. याचा पुरावा भारतातच आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगो कंपनीने १८ वर्षे एकाच वर्गाची विमाने चालवली, भाडी कमी ठेवली आणि देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी होऊन दाखवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर तिनेही रुंद आसनांचा वरचा वर्ग आणला. तो तिच्या स्वस्त तिकिटाचा आधार म्हणता येणार नाही. कारण तिची स्वस्त तिकिटे त्यापूर्वीच १८ वर्षे विकली जात होती.

वर्गांची विभागणी नजरेसमोर असली की माणसाच्या मनावर काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. कॅथरिन डिसेल्स आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की ज्या विमानात पहिला वर्ग असतो त्यातील इकॉनॉमीत भांडणे व दंगामस्तीचे प्रकार सुमारे चौपट होतात, आणि मागच्यांना पुढच्या वर्गातून चालत आपल्या जागी जावे लागले तर ते प्रमाण आणखी वाढते. बोटीवर निदान वरचा डेक डोक्यावर असे. त्यातून वाट काढीत खाली जावे लागत नसे.

वरच्या वर्गामुळे आरोग्य सुरक्षित राहते ही समजूतही तपासून घ्यावी अशीच आहे. पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याच्या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांप्रमाणे चार तासांहून अधिक वेळ हालचाल न करता बसणे हे त्याचे कारण आहे, आणि बिझनेस वर्गातील स्थिर प्रवासीही त्यातून सुटत नाही. मोटारीने किंवा रेल्वेने तेवढाच वेळ बसून जाणाराही नाही.

तेव्हा प्रश्न वरच्या वर्गात जाणाऱ्याच्या नीतीचा नाही. भीती विकत घेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नसतो. प्रश्न ती भीती तयार करणाऱ्याचा आहे, आणि त्यावरचा उपाय ज्याने करून दाखवला तो माणूस याच मुलखाचा लोकप्रतिनिधी होता. प्रा. मधु दंडवते यांना राजापूर मतदारसंघाने १९७१ पासून सलग पाच निवडणुकांत लोकसभेत पाठवले. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. त्यापूर्वी तीन वर्षे, १९७४ मध्ये, रेल्वेचा तिसरा वर्ग कागदोपत्री संपला होता. तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले, पण लाकडी फळी तीच राहिली. नावाचे वर्ग बदलणे सोपे असते. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीची फोमची गादी घातली. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर उचलायचा, अशी त्यांची भूमिका होती. १९७७ च्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गविहीन गाडी म्हणून धावू लागली, तीही याच विचारातून.

भौतिकशास्त्राच्या या प्राध्यापकाने केलेला प्रयोग द्युपुईच्या नेमका उलट होता. छप्पर घातल्याने लोक खालच्या वर्गात येतील ही रेल्वे कंपनीची धास्ती होती. दंडवत्यांना ते यायला हवेच होते. ज्या कारकुनाला केवळ आईच्या पाठीसाठी कर्ज काढून पहिल्या वर्गाचे तिकीट घ्यावे लागले असते, त्याची त्या दोन इंचांनी सुटका केली. रेल्वे त्यामुळे बुडाली नाही. फोमची गादी पुढे इतकी सवयीची झाली की एके काळी तिथे नुसती फळी होती हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. दंडवत्यांनी ज्या कोकण रेल्वेचा ध्यास घेतला ती १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. तिच्यावर २०२३ मध्ये वंदे भारत आली, तेव्हा तिच्या थांब्यांत राजापूर रोडचे नाव नव्हते, हा निराळा विषय.

विमानांच्या बाबतीत असे दोन इंच कोण देणार? आजचे सुरक्षाविषयक नियम विमान रिकामे करण्याला ९० सेकंदांची मर्यादा घालतात. बाहेर पडायला किती वेळ लागावा हे त्यांनी ठरवले आहे. पंधरा तास बसावे कसे, हा त्यांचा विषय नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने आसनाची किमान मापे ठरवण्याचा आदेश विमान वाहतूक प्रशासनाला दिला आणि त्याने २०२२ मध्ये लोकांची मते मागवली. निदान हा प्रश्न सरकारी अखत्यारीतला आहे एवढे तेथे मान्य झाले. आपल्याकडे प्रवाशांच्या तक्रारी विलंब, रद्द झालेली उड्डाणे आणि परताव्याची रक्कम यांभोवतीच अधिक फिरतात.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अनेक घरांतला कर्ता पुरुष आखातात नोकरीला असतो. त्याच्यापुढे वर्ग निवडण्याचा प्रश्नच येत नाही. रजा मिळाली की जे तिकीट सर्वांत स्वस्त असेल ते तो घेतो. त्याला आडवे झोपवण्याची मागणी कोणी करीत नाही. दोन ओळींमधील किमान अंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठरवून द्यावे, त्याखाली कोणत्याही कंपनीला जाता येऊ नये, आणि तो इंचांचा आकडा तिकिटावर भाड्याच्या शेजारी छापला जावा, एवढी मागणी मात्र त्याच्या वतीने करता येईल.