सगे आणि सोयरे

इंग्रजीच्या तासाला सरांनी ‘रिलेशन’ आणि ‘कनेक्शन’ यांतला फरक विचारला. दोन्हींचा अर्थ ‘संबंध’ असे सांगून मी मोकळी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कनेक्शन म्हणजे विजेचे, नाहीतर गॅसचे, एवढेच मला ठाऊक.

पुढे कोश पाहिला. ‘कनेक्शन’च्या मुळाशी लॅटिनमधला बांधण्याचा अर्थ आहे, तर ‘रिलेशन’च्या मुळाशी मागे नेण्याचा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत डार्सी एलिझाबेथला मागणी घालतो, आणि त्याच दमात तिच्या ‘कनेक्शन्स’ना नाक मुरडतो; म्हणजे लग्नाने गळ्यात पडणाऱ्या गोताला. हे वाचले आणि उजेड पडला. आपण ‘सगेसोयरे’ एका श्वासात म्हणतो खरे, पण सगे आयते मिळतात, सोयरे बांधावे लागतात.

बांधलेले तुटते म्हणून ते कच्चे, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाही. माझी पणजी पेडण्याची. तिचे लग्न बांद्यात झाले तेव्हा पलीकडे पोर्तुगीज राज्य होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही पत्रादेवीवरून गोव्यात शिरले, पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. कर्नेलसिंग बेनिपाल यांच्यासारखे वीर तिथेच पडले. मग सीमा आवळली गेली. पणजीला चवथीला माहेरचे ओझे यायचे ते थांबले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच चवथीला तिचा भाऊ डोक्यावर नारळांची पाटी घेऊन दारात उभा! पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात यायचे नाकारले आणि १९८७ साली ते वेगळे राज्य झाले. सोयरीक मात्र कोणी कौलाला लावली नाही.

आता सग्यांचे सांगते. शेजारच्या घरात आमचे भाऊबंद राहतात. सामाईक बागायतीवरून दोन्ही घरांत बोलणे नाही. (‘भाऊबंदकी’ या शब्दाचा अर्थ भांडण असा व्हावा, यातच सगळे आले.) वडील बांबोळीच्या इस्पितळात होते तेव्हा रात्री सोबतीला पेडण्याच्या त्या भावाचा नातू बसला. शेजारून कोणी चौकशीलाही आले नाही.

म्हणून ‘वशिला’ या अर्थाने ‘गोव्यात तुझे कनेक्शन आहे काय?’ असे वर्गमित्र विचारतात तेव्हा मला राग येतो. पण तो राग मला कितपत शोभतो, हाही प्रश्नच आहे. गेल्या चवथीला आईने विचारले, “पेडण्याक येतंस काय गो?”

“फोन केलंय मां,” मी म्हटले.

आई एकटीच गेली.