मुलांचें मन : चित्त ठरत नाहीं तेव्हां

रामदासपेठेंतल्या सुशिक्षित घरांतही चित्त न ठरणाऱ्या मुलास ‘द्वाड’ हें विशेषण चटकन् मिळतें, आणि पाठोपाठ धपाटेही. याच नागपुरांत डॉ. आर्थर मॅलिन यांनीं १९६९ च्या सुमारास वेक्सलर यांची अमेरिकन बुद्धिमापन-कसोटी भारतीय मुलांसाठीं बेतली. तींत ऐकलेले अंक आधीं तसेच, मग उलट क्रमानें म्हणावयाचे असतात. कित्येक चलाख मुलें येथेंच अडखळतात. कारण बुद्धि तीक्ष्ण असूनही अवधान दुबळें असूं शकतें. कधीं अपुरी झोप, भीति वा कमी ऐकूं येणें हेंही कारण असतें; एवढ्या एका कसोटीनें निदान होत नाहीं. म्हणून मातापित्यांनीं तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, अभ्यास थोडाथोडा द्यावा, आणि ‘द्वाड’ हा शब्द घरांत उच्चारूं नये.