गाव बघायला तिकीट कशाला?



इटलीच्या फोटोंवर सगळ्यात जास्त टोमणे आले ते ५ युरोच्या तिकिटावर. "चार पडकी घरं बघायला माणशी एवढे पैसे? लुटतात मेले!" म्हणणाऱ्या बहुतेक आपल्यातल्याच. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गावाचं नाव चिविता दि बान्योरेज्जो, रोमच्या उत्तरेला. मुलगा, सून, नात, आमचे हे आणि मी एक दिवस काढून गेलो. गाव एका सुळक्यावर आहे. वर ज्वालामुखीच्या राखेचा दगड, खाली चिकणमाती. ती माती पावसापाण्याने झिजते आणि कडे ढासळत राहतात. १६९५ च्या भूकंपानंतर बरेच लोक शेजारच्या बान्योरेज्जोत राहायला गेले. तेराव्या शतकातल्या संत बोनाव्हेंचर यांचं घरही दरीत गेलं. इटलीत त्याला 'मरणारं गाव' म्हणतात. वर जायला १९६५ साली बांधलेला एकच पूल, तोही पायी चढायचा. माझ्या गुडघ्यांनी वाटेत तीनदा थांबवलं.

आत मात्र मध्ययुगातल्या गल्ल्या, घरांना बाहेरून दगडी जिने, चौकात सान दोनातोचं चर्च. झिजलेल्या पायऱ्या झिजलेल्याच ठेवल्या आहेत. कायमची राहणारी माणसं अगदी मोजकी, बाकी प्रवासी आणि खाण्याची दुकानं. (आम्ही सोबतचे ठेपले खाल्ले; तिथे लसणाशिवाय काही मिळेना.) "मग ते गाव कसलं, प्रदर्शनच ना?" असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण प्रदर्शन म्हणून का होईना, उभं आहे. २०१३ पासून तिकीट लावलं, सुरुवातीला दीड युरो. उत्पन्न पालिकेला मिळतं. मूठभर रहिवाशांच्या कराने असा सुळका सांभाळणं शक्य तरी आहे का?

मी बी.कॉम. आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. भांडवली खर्च वेगळा, दुरुस्तीचा खर्च वेगळा. आपल्याला पहिलाच आवडतो, कारण त्याची तकती लागते. नव्या शिखराच्या, नव्या कळसाच्या चढाव्यात आपण हात आखडता घेत नाही. आणि साधारण खातं? दर वर्षी तुटीत. पन्हाळी साफ करायला, गळती काढायला, पुजाऱ्याचा पगार वाढवायला पैसे मागितले की सगळ्या चपला शोधू लागतात. मग छत वर्षानुवर्षं गळतं, सागवानी खांब कुजतात, आणि एक दिवस विश्वस्त म्हणतात, आता पाडूनच बांधू. त्याला आपण 'जीर्णोद्धार' म्हणतो! जुनं लाकडी देरासर जाऊन गुळगुळीत ग्रॅनाइट येतं, पावसात वयस्कर बायका त्यावर घसरतात. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचं पुण्य आठपट, हे व्याख्यानात आपण किती वेळा ऐकलं? त्यात 'पाडा' हा शब्द कुठे होता?

"आपल्याकडे देवाच्या दारात तिकीट लावायचं का?" असं एकीने विचारलं. मुळीच नाही. दर्शनाला पैसे घेणं मला पटणारच नाही. पण तिकीट नको असेल तर तो पैसा आपणच घालायला हवा. आमच्या घरातले पाच जणांचे २५ युरो एका दुपारी गेले आणि कोणी कुरकुर केली नाही. तेवढीच रक्कम दर वर्षी आपल्या गावच्या देरासराच्या साधारण खात्यात, तकतीशिवाय, नावाशिवाय भरायची. पर्युषणानंतरच्या सभेत मी दुरुस्ती निधीचे तीन वर्षांचे आकडे मागणार आहे. तुम्हीही आपापल्या संघात मागा, आणि बायकांना हिशेब कळत नाही असं कोणी म्हणालं तर ताळेबंद पुढ्यात घेऊन बसा.